क्रूगरला कॅरॅव्हॅन घेऊन: लोअर साबी, साटारा की बलुले?

आधीच सांगते, दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागचं चाकांवरचं घर, ओढत रोज मुक्काम हलवू नका. डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० ची मर्यादा, त्यात हत्ती आडवे आले की बसा थांबून. उद्यान दक्षिणोत्तर जवळपास ३५० किलोमीटर आहे, ते एका सुट्टीत उरकत नाही. कॅरॅव्हॅन कॅम्पात लावायची आणि नुसत्या गाडीने भटकायचं.

उद्यानातल्या या तीन कॅम्पांपैकी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लोअर साबीच घ्यावं. बुकिंग कॅम्पचं होतं, नेमकी जागा मात्र पहिला येईल त्याची. लवकर पोचा आणि कुंपणाकडेची, सावलीची जागा धरा. विजेचं कनेक्शन आहे, दुकान आहे, पेट्रोल आहे. रेस्टॉरंटचा डेक थेट साबी नदीवर आहे, कॉफी पिता पिता खाली पाणघोडे दिसतात. शाकाहाऱ्यांनी मात्र त्या मेनूवर विसंबू नये, आम्ही रोज खिचडी-पिठलंच केलं. गेटबाहेर लगेच सनसेट डॅम लागतो. सासूबाई चंद्रपूरच्या, त्यांना जिप्सी आणि गाइड यांची सवय. इथे आपणच गाडी चालवायची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग सिंह नाही दिसला तर भांडायचं कोणाशी?" त्याच डॅमवर नंतर तासभर हलायला तयार नव्हत्या. काठावर मगरी पडलेल्या, बगळे त्यांच्या अगदी जवळून बिनधास्त फिरत होते.

साटाराला सिंहांसाठी जायचं. भोवती गवताळ माळ, त्यावर झेब्रे आणि विल्डबीस्ट (कळपाने चरणारी मोठी हरणं), म्हणजे सिंहही आलेच. पहाटे एस-१०० हा कच्चा रस्ता धरा. पण कॅम्प म्हणून मला नाही आवडला: धूळ, गर्दी, आणि रात्री कचऱ्याचे डबे उलथणारे हनी बॅजर, म्हणजे बुटके पण धीट शिकारी प्राणी. पाव-फळं बाहेर ठेवू नका. दिवसा माकडं असतात.

बलुले सगळ्यांत लहान. वीज नाही, दुकान नाही, रेस्टॉरंट नाही. कंदील लावायचे आणि लाकडावर स्वयंपाक करायचा. रात्री कुंपणापलीकडून तरस फेऱ्या मारतं, मांस भाजल्याचा वास आला की हमखास. त्याला काहीही टाकायचं नाही. शेजारच्या गोऱ्या आजोबांनीही पोरांना हेच दरडावून सांगितलं.

जायचं ते जून-जुलैत, तेव्हा तिथे हिवाळा असतो. झाडोरा विरळ, जनावरं पाण्यावर येतात, डासही कमी. तरी मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचाराच. कॅम्पची गेटं तेव्हा सकाळी ६ ला उघडतात आणि संध्याकाळी साडेपाचला बंद होतात. उशीर झाला तर दंड. पहाटेची थंडी मात्र चांगलीच बोचते, स्वेटर-कानटोपी विसरू नका.

पुढच्या वेळी सगळा मुक्काम बलुलेलाच, असं सासूबाईंनी बजावलंय. नवऱ्याला मात्र विजेशिवाय बिअर गार कशी राहणार याची चिंता आहे.