प्रेसिडेंटच्या नावाने माझे ८८० डॉलर गेले, आणि मी अकाउंट्समध्ये काम करते

लिहू की नको करत वर्ष घालवलं. नवरा सोडला तर कोणाला सांगितलं नव्हतं, पण परवा देवळात एका काकूंनी मला आला होता अगदी तसाच निवडणुकीच्या देणगीचा फोन आल्याचं सांगितलं, तेव्हा म्हटलं जाऊ दे, होऊ दे हसं.

२५ एप्रिल २०२३ ला बायडन यांनी व्हिडिओ टाकला की परत उभा राहतोय. निवडणूक दीड वर्ष लांब, आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ना कुठे पाटी ना ऑफिस, मग कोणी 'कॅम्पेनमधून बोलतोय' म्हटलं तर ताडून बघायचं कशाशी? या फसवणाऱ्या लोकांचा सीझन तोच.

२७ जूनला फोन आला. मुलगा गोड बोलणारा, आधी नमस्ते, मग कमलाजींच्या (म्हणजे तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या) आई चेन्नईच्या, आपल्या लोकांनी आत्ताच मागे उभं राहायला हवं, ३० जूनला तिमाही संपते, त्याआत आकडा मोठा दिसला पाहिजे वगैरे. आणि ३० जूनची तारीख खरी असते हो, म्हणून तर गळाला लागले. मोदींची व्हाइट हाउसमधली मेजवानी होऊन पाच दिवस झाले होते, तर म्हणे पुढच्या डिनरच्या सोडतीत तुमचं नाव टाकतो. (हसा.)

आता जे लिहिणारे त्याने अजून रात्री झोप उडते. तो म्हणाला, मॅडम, ही रक्कम टॅक्समधून वजा होईल. अहो, अमेरिकेत राजकीय देणगीवर सूट नसते, भारतात असते, इथे काही नाही, आणि हे मी सोळा वर्षं लोकांना सांगत आलेय! तिथेच फोन ठेवायचा ना? मी काय केलं, तर त्याला करेक्ट केलं. तो म्हणाला, "यू आर राइट मॅडम, तुमच्यासारखे जाणकार डोनर फार कमी." आणि मी खूश. शाबासकी घेतली आणि लिंक उघडून ३५ डॉलर भरले, ३० तारखेला परत फोन आल्यावर २५० कार्ड नंबर तोंडी सांगून दिले. पानाच्या तळाशी राखाडी अक्षरात लिहिलेलं होतं की हे कोणत्याही उमेदवाराने अधिकृत केलेलं नाही. वाचलं मी ते. वाटलं, वकिली भाषा असेल. 'दर आठवड्याला' वर आधीच टिक होती ती मात्र खरंच दिसली नाही, फोनवर दिसते का सांगा.

दिवाळीच्या फराळाची ऑर्डर देताना कार्डचं बिल नीट बघितलं. ३५ अठरा वेळा, म्हणजे ६३०, अधिक २५०. त्या कार्डावर गॅस, टोल सगळं ऑटोपे असतं, कोण ओळ न् ओळ बघतं?

बँक म्हणाली परवानगी तुमचीच. भांडून भांडून शेवटचे दोन हप्ते, ७० डॉलर, परत. पोलीस म्हणाले हे पैसे घेणारी राजकीय कमिटी रजिस्टर्ड आहे, आम्ही काय करणार. एका सरकारी ऑफिसने सांगितलं लेखी तक्रार द्या, नोटरीसमोर शपथेवर सही हवी, तीही केली, चार महिन्यांनी पत्र आलं की पैसे परत मिळवून देणं आमच्या कक्षेत नाही. मग कक्षेत आहे काय? कागदोपत्री सगळं चोख, जमा झालेला पैसा 'फंडरेझिंग कन्सल्टिंग'वर खर्च, म्हणजे मला फोन करण्यासाठी माझेच पैसे! वर २०० डॉलरच्या पुढे गेलं की देणगीदाराचं नाव, गाव, नोकरी सगळं जाहीर होतं, ते नणंदेने शोधून काढलं आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं.

कमिटीचं नाव एफईसीच्या (अमेरिकेच्या निवडणूक आयोगाच्या) साइटवर टाकून बघा, पण नुसतं सापडलं म्हणून खरं समजू नका, माझीही सापडली. ती उमेदवाराची स्वतःची आहे का तेवढं बघा. सिटिझन किंवा ग्रीन कार्ड आहे का हे विचारलंच नाही तर फोन ठेवा, एच-१बी व्हिसावाल्यांना देणगी देताच येत नाही आणि खरी कॅम्पेन सहसा ते विचारते. आधीच केलेली टिक काढून टाका. कार्ड नंबर तोंडी नाही म्हणजे नाही. बायडन यांच्या लोकांचा यात काही हात नव्हता, हेही सांगते, नाहीतर इथे वेगळंच भांडण सुरू होईल.

२१ जुलै २०२४ ला बायडन यांनी माघार घेतली. त्यानंतरच्या गुरुवारी मला मेसेज आला, प्रेसिडेंट तुमच्यावर अवलंबून आहेत, फक्त ३५ डॉलर.