काळ्या मातीत कार्बन डायऑक्साइड मोजणारा डबा: सोयाबीनपासून गव्हापर्यंतचा अनुभव

आधी उपकरण काय ते सांगतो. १५ सेंटीमीटर उंचीचा काळा प्लास्टिकचा डबा, आत छोटा पंखा आणि अवरक्त किरणांवर चालणारा सेन्सर. जमिनीत पीव्हीसीचं कडं ठोकायचं, त्यावर डबा बसवायचा आणि मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या आणि मुळांच्या श्वसनामुळे आतला कार्बन डायऑक्साइड किती वेगाने वाढतो ते मोबाइलवर दोन-तीन मिनिटं बघायचं. संशोधन संस्थांतली याच तत्त्वावरची यंत्रं लाखांच्या घरात जातात. इंदूरहून सांवेरच्या बाजूला आमचं शेत आहे. तिथे पावसाळ्याच्या तोंडापासून गहू पिवळा पडेपर्यंत हा डबा वापरला.

सेन्सरबद्दल तक्रार नाही. मात्र ‘आपोआप शून्य जुळवणी’ पहिल्याच दिवशी बंद करा. गेल्या काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे ४०० पीपीएमची (दहा लाख भागांत ४०० भाग) ताजी हवा, असं ही जुळवणी धरून चालते. बंद खोलीत चालू राहिलेल्या उपकरणाच्या बाबतीत हे खोटं ठरतं. आपल्याला चढाचा वेग हवा असतो, त्यामुळे मूळ आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी चालतं. पण मोजणी चालू असताना जुळवणी झाली तर आलेख वाकतो.

खरी कसोटी कड्याची. माळव्याची काळी माती वाळली की भेगाळते. पुस्तिकेत कडं पाच सेंटीमीटर ठोका म्हटलंय, पण बाजूला बोट जाईल एवढी भेग असेल तर वायू डब्यात न येता तिथूनच निघून जातो आणि जमीन मेल्यासारखा आकडा दिसतो. उलट पाणी साचलेल्या रानातही आकडा जवळपास शून्य, कारण पाण्यातून हा वायू हवेच्या सुमारे दहा हजारपट हळू पसरतो. भरवशाचे आकडे मिळतात ते वाफशावर, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही असताना. कडं आदल्या दिवशी ठोकून ठेवावं, म्हणजे तुटलेल्या मुळांचा आणि हललेल्या मातीचा गोंधळ निवतो.

ॲपचा हिशेब मला पटला नाही. सेन्सरला उंची सांगता येते, पण पुढचं गणित समुद्रसपाटीचा दाब धरूनच होतं. इंदूर साधारण ५५० मीटरवर, म्हणजे हवेचा दाब सुमारे ६ टक्के कमी. मिनिटाला ३० पीपीएम चढ असेल तर ३० अंशांना ॲप ३.० मायक्रोमोल (वायूचं प्रमाण मोजायचं एकक) प्रति चौरस मीटर प्रति सेकंद दाखवतं. हातानं केलं तर २.८ येतात. हाच वेग दिवसभर राहिला तर हेक्टरी १०० किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड झाला! पण तो दिवसभर राहत नाही. माती दहा अंशांनी तापली की श्वसन ढोबळमानाने दुप्पट होतं, म्हणून मी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यानच मोजतो.

पैसे वसूल झाले ते पहिल्या पावसात. उन्हाळाभर निपचित पडलेल्या रानात पाऊस पडला आणि काही तासांत आकडा कित्येक पट उसळला, दोन-तीन दिवसांत खाली आला. याला बर्च परिणाम म्हणतात. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये तो मांडला होता. सुप्त सूक्ष्मजीव ओल मिळताच जागे होऊन साठलेल्या सेंद्रिय द्रव्यावर तुटून पडतात. वखरणीनंतरही उसळी दिसली, पण छोटी. कंपोस्टच्या खड्ड्यावर डबा ठेवला तर सेन्सरची ५,००० पीपीएमची मर्यादा बघता बघता संपली. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी १९२४ नंतर कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ बसवली ती याच शहरात, तेव्हा हा प्रयोग चुकवणं शक्यच नव्हतं.

सोयाबीनच्या ओळीत आणि दोन ओळींच्या मध्ये आकडे वेगळे येतात. ओळीत जास्त, कारण तिथे मुळं आणि मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठीही श्वसन करतात. म्हणजे मोठा आकडा आला की जमीन झिजतेय, असं नाही. आमच्या बटाईदारानं (वाट्याने शेत कसणाऱ्यानं) विचारलं, “भाईसाहब, इससे कार्बन का पैसा मिलेगा क्या?” नाही मिळणार. काळा डबा वहीतली फक्त खर्चाची बाजू दाखवतो. पीक हवेतून किती कार्बन ओढतं ते त्याला दिसतच नाही. कार्बन क्रेडिटसाठी मातीतला सेंद्रिय कर्ब काही वर्षांत किती वाढला ते पाहतात, त्याला मातीचे नमुने आणि प्रयोगशाळा लागते. त्या आशेनं हे घेऊ नका. शेणखत घातलेला आणि न घातलेला वाफा, किंवा नरवाई (कापणीनंतर उरलेले खुंट) जाळलेलं आणि मातीत मिसळलेलं रान एकाच सकाळी शेजारी-शेजारी ताडून बघायचं असेल, तर जरूर घ्या.

पावसाळ्यात डब्यात दव धरतं, तेव्हा दर मोजणीनंतर पुसा आणि पंखा थोडा वेळ उघड्यावर चालवा. डबा कड्यावर घट्ट बसवणारी रबरी कडी महिन्याभरात सैल पडली. इंदूरच्या सियागंज बाजारातून तशीच दुसरी आणून बसवली, ती अजून टिकून आहे. पारदर्शक झाकण वेगळं विकत मिळतं. त्याच्या आत पिकाचं प्रकाशसंश्लेषणही चालू राहतं, त्यामुळे उन्हात आकडा चढण्याऐवजी उतरतो. गहू वीतभर व्हायच्या आतच ते वापरता येतं. पुस्तिकेत तीन मिनिटं लिहिली आहेत, पण थंडीच्या उन्हातसुद्धा तेवढ्यात आत उकडायला लागतं. एक मिनिट पुरे.