एनव्हीडीए: दुकानाच्या काउंटरवरून, एका हंगामानंतर

कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू होण्याआधी दुकानाच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम (स्क्रीन रीडर) टाकला, आता हरभऱ्याचं बियाणंही संपत आलंय. म्हणजे हे नव्या नवरीचं कौतुक नाही. मला दिसत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावात आमचं कृषी केंद्र आहे. बिलं, स्टॉक, कंपन्यांच्या ऑर्डरी, सगळं ब्राउझरमध्येच चालतं आणि ते मी कानाने करतो.

आधी चांगलं सांगतो. हा स्क्रीन रीडर पूर्ण फुकट आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये तो लिहायला घेतला, त्यामुळे वापरणाऱ्याची अडचण कुठे असते हे त्यात जाणवतं. मराठी वाचणारा ईस्पीक नावाचा कॉम्प्युटरी आवाज सोबतच येतो. आवाज गोड वगैरे अजिबात नाही. मी वेगही बराच वाढवून ठेवलाय, त्यामुळे एका गिऱ्हाइकाने विचारलं, "काय भो, मशीन भांडतंय का तुमच्याशी?" सवय झाली की मात्र त्याच वेगात काम उरकतं.

वेबपेजवर बी दाबलं की पुढचं बटन, ई दाबलं की लिहायची चौकट, एक्स दाबलं की चेकबॉक्स. मोठ्या पानावर याच्याइतकं सोयीचं काही नाही. पण यात मेख आहे: ते बटन कोडमध्ये खरोखर बटन असायला हवं. नुसता रंगवलेला चौकोन असेल तर बी त्याच्यावरून सरळ उडी मारून जातं.

एका कंपनीच्या डीलर पोर्टलवर रोज हेच होतं. ठिबकची लॅटरल, म्हणजे पाण्याची नळी निवडायची आहे, 16 एमएम. डोळस माणसाला ती ड्रॉपडाउन दिसते. मला ऐकू येतं, "साइज, क्लिकेबल". ती उघडली की बंद, आत काय निवडलंय, काहीच नाही. खालचा बाण दाबला तर यादीत जाण्याऐवजी पानावरची पुढची ओळ वाचली जाते, कारण ही ड्रॉपडाउन आहे हे एनव्हीडीएला कुणी सांगितलेलंच नाही. गोण्यांचा आकडा वाढवायचं अधिकचं चिन्ह तर त्याहून वरताण: नुसतं "बटन" म्हणतं, आणि दाबल्यावर आकडा किती झाला ते गिळून टाकतं. पन्नास गोण्यांची ऑर्डर अशी द्यायची म्हणजे मनात मोजत बसायचं. याचा दोष मी एनव्हीडीएला देत नाही. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीत 4.1.2 क्रमांकाचा नियम नेमका हाच आहे: नाव, प्रकार आणि सध्याची स्थिती, तिन्ही कोडमधून कळली पाहिजेत.

आमचं बिलिंग जळगावच्या एका पोराने बनवलंय. त्याला शेजारी बसवून, स्क्रीन बंद करून ऐकवलं. आधी त्याने उत्साहात जिथे तिथे एरिया-लेबल, म्हणजे स्क्रीन रीडरला ऐकवायची नावं कोडमध्ये चिकटवली, तर "सेव्ह बटन बटन" ऐकू यायला लागलं! प्रकार एनव्हीडीए स्वतःच बोलतो, नावात तो परत कशाला? मग त्याने डिव्ह, म्हणजे ते नुसते रंगवलेले चौकोन काढून साधी बटन आणि सिलेक्ट (खरी ड्रॉपडाउन) टाकली, नगांसाठी नंबरची चौकट दिली. आता वरचा बाण दाबला की "अकरा", पुन्हा दाबला की "बारा". एरियाची गरज फार थोड्या ठिकाणी उरली. एक म्हणजे "बिल सेव्ह झालं" हा निरोप. तो कोपऱ्यात हिरवा चमकून जायचा, आता कोडमध्ये त्याला रोल अलर्ट, म्हणजे "ही सूचना आहे" अशी खूण लावल्यामुळे एनव्हीडीए तो बोलून दाखवतो. पानाची भाषा मराठी आहे हेही कोडमध्ये लिहिलं, त्यामुळे त्या पानावर आवाज आपोआप मराठीवर जातो.

कुणाला सुचवीन? विंडोज वापरणाऱ्या, न दिसणाऱ्या प्रत्येकाला, बिनधास्त. आणि वेबसाइट बनवणाऱ्यांनाही. फुकट आहे, माउस बाजूला ठेवून स्वतःच्याच पानावर एक ऑर्डर देऊन बघा. पाच तारे द्यायला हरकत नाही, पोर्टलला मात्र एकही नाही. त्यांना मेल केले, उत्तर आलं की विषय पुढे पाठवलाय. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून परत लिहिलंय. तोवर लॅटरलची ऑर्डर फोनवरच देतो, आणि आमच्या बिलिंगच्या तारखेच्या कॅलेंडरसाठी त्या पोराच्या मागे लागलोय: बाबा, टाइप करायची साधी चौकट दे, मला महिन्याची चित्रं नकोत.