परभणीतलं टेप दुरुस्तीचं दुकान : वर्षभर वापरून मग लिहायलो

टेप दुरुस्त करून आणला त्याला वर्ष उलटून गेलं, एकदाही रीळ गुंतली नाही का आवाज बसला नाही, म्हणून आता खात्रीनं लिहायलो. दुकान परभणीत कच्छी बाजाराकडं एका बोळीत आहे, बोर्ड नाही, बाहेर दोन जुने रेडिओ आणि एक बिनपात्याचा टेबलफॅन ठेवलेला दिसला की समजायचं हेच. आत एकच माणूस बसतो, सगळे त्यांना चाचा म्हणतात, मी पण चाचाच म्हणतो. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक पायरीवर उभं राहतं आणि काम बघत बसतं. मला विचाराल तर तिथं उभं राहून काम बघणं हे पैसे देऊन घेण्यासारखं आहे, तरी त्याचे पैसे ते घेत नाहीत.

आधी सांगतो टेप दुरुस्त करायची वेळ का आली. रेडिओवर बिनाका गीतमाला हा गाण्यांचा कार्यक्रम सांगणारे अमीन सयानी 2024 च्या फेब्रुवारीत गेले. 20 तारखेला. दुसऱ्या दिवशी रात्री टीव्हीवर बातमी चालू होती, अण्णा जेवता जेवता थांबले आणि म्हणले, "ह्या माणसाचा आवाज माझ्या कॅसेटमधी आहे, पण वाजवू कशावर." अण्णांनी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट दोन्ही असलेला हा टेप, घेतला तो 1986 ला, पगारातून तीन महिने पैसे बाजूला ठेवून. बिनाका गीतमाला तेव्हा रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला लागायची, आणि अण्णा टेपसमोर बोट बटणावर ठेवून बसायचे, गाणं आवडीचं निघालं की रेकॉर्ड दाबायचे. सिलोन शॉर्टवेव्हवर, म्हणजे आवाज लांबून येणार, मधीच जाणार, परत येणार, ते सगळं त्या कॅसेटमधी तसंच आहे. तो टेप पंधराएक वर्षं पत्र्याच्या खोलीत पेटीवर पडून होता आणि परभणीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

पहिल्यांदा मी दुसऱ्या एका दुकानात घेऊन गेलतो, मोठं दुकान, काचा, एसी. त्यांनी उघडूनसुद्धा बघितला नाही, म्हणले हे फेकून द्या आणि ब्लूटूथ स्पीकर घेऊन जा, बाराशेत देतो. अण्णा सोबत होते. ते काही बोलले नाहीत पण टेप त्यांनी परत स्वतःच्या हातात घेतला, मला धरू दिला नाही. मला ते लई लागलं. मग ऑफिसातल्या एका जणानं चाचाचा पत्ता दिला.

चाचानं टेप हातात घेतला, हलवून बघितला, कानाला लावला आणि बटण दाबून सोडून दिलं. "इसका बेल्ट पिघल गया, मोटर जिंदा है." उघडला तर खरंच, बेल्टच्या जागी काळा डांबरासारखा चिकट लगदा. रबर जुनं झालं आणि वरून पत्र्याखालची गरमी, मग ते वितळतंच म्हणले. तो लगदा त्यांनी स्पिरिटनं काडीला कापूस लावून लावून पुसला, चाकाच्या खाचेतून, धाग्याएवढासुद्धा ठेवला नाही, कारण तेवढा जरी राहिला तरी नवीन बेल्ट घसरतो आणि गाणं डुलायला लागतं. मग एक दोरा घेऊन चाकांभोवती फिरवला, लांबी मोजली, आणि ड्रॉवरमधून त्या मापाचा बेल्ट काढला. त्या ड्रॉवरमधी नुसते बेल्टच, शंभर तरी असतील, जुन्या औषधाच्या डब्यांत लावून ठेवलेले.

हेड, म्हणजे फितीवरचा आवाज उचलणारा भाग, पुसलं तेव्हा कापसावर तपकिरी रंग आला. ते फितीवरचंच आहे म्हणले, प्रत्येक कॅसेट थोडी थोडी तिथं सोडून जाते. रबराचा छोटा रोलर जो फीत ओढतो तो कडक आणि चकचकीत झालता, त्याला बारीक पॉलिश पेपर मारून परत खरबरीत केला. आवाजाचं बटण फिरवलं की खरखर यायची तिथं आत स्प्रे मारून दहा-वीस वेळा फिरवलं. आणि मग जे केलं ते मी कधी पाहिलेलं नव्हतं. हेडच्या बाजूला एक बारका स्क्रू असतो, कॅसेट चालू असतानाच बारीक पेचकसानं तो जरा जरा फिरवायचा आणि ऐकायचं. अण्णांची प्रल्हाद शिंदेंची कॅसेट लावलेली होती. आधी आवाज गोणपाटातून आल्यासारखा, आणि स्क्रू अर्धा वेढा फिरला तसं एकदम टाळ ऐकू यायला लागले. टाळ! मला वाटलं होतं त्या कॅसेटमधी टाळ नाहीतच, लहानपणापासून कधी ऐकलेच नव्हते. म्हणजे आमचा टेप नवा होता तेव्हासुद्धा जरा वाकडाच होता.

वेगाचं पण सांगतो. कॅसेट सेकंदाला 4.76 सेंटीमीटर पळते, 1963 ला फिलिप्सनं कॅसेट काढली तेव्हापासून तेच माप आहे. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे साधारण 86 मीटर फीत झाली. मोटरच्या पाठीमागं एका भोकात वेगाचा स्क्रू असतो. चाचानं तेच गाणं माझ्या मोबाईलवर लावायला सांगितलं आणि दोन्ही सोबत चालवून टेप त्याला जुळवला, दोनदा-तीनदा, शेवटी दोन्ही एकाच सुरात आले. मोबाईलला ते नावं ठेवत नाहीत, वापरतात. मला हे आवडलं.

बिल झालं 450. बेल्टचे 60, बाकी मजुरी. इतक्या कामाला हे कमीच आहे, मी 500 दिले तर 50 परत केले.

आता दुरुस्तीनंतरचं. ह्या टेपानं माझ्या सवयी बदलल्या आणि हेच मला मेन सांगायचं आहे.

त्याच वर्षी जानेवारीत मी ठरवलेलं होतं की स्वतःत सुधारणा करायची. वय चाळिशीच्या पुढं, झोप बाराच्या आधी नाही, वाचन बंद, सकाळी उठलं की डोकं जड. मोबाईलमधी सवयी लावायचं एक अ‍ॅप घेतलं, पहाटे पाचला उठायचं, पाणी किती पिलं ते टाकायचं, डायरी लिहायची, रोज खूण करायची. 19 दिवस चाललं. अडचण ही होती की खूण करायला फोन हातात घेतला की मग फोन हातातच राहायचा, मग एखाद्या माणसाचं भाषण यायचं लवकर उठण्यावर, मग दुसऱ्याचं, मग गाण्याचा तुकडा, मग मालिकेचा तुकडा, आणि साडेबारा वाजायचे. लवकर उठण्यावरचे व्हिडिओ बघण्यातच मी जागायलो होतो. विसाव्या दिवशी चुकलं आणि मग सोडूनच दिलं.

टेप घरी आला आणि अण्णांनी रात्री जेवण झाल्यावर एक बाजू लावायला सुरुवात केली. एकच बाजू. तीस मिनिटं, 90 ची कॅसेट असली तर पंचेचाळीस. ती संपली की खट्ट करून बटण आपोआप वर येतं आणि घरात एकदम शांत होतं. पुढचं गाणं लागत नाही. कोणी सुचवत नाही की आता हे ऐका. तुम्हाला उठून, कॅसेट काढून, उलटी करून परत लावायची असेल तर लावा, पण त्यासाठी उठावं लागतं, आणि रात्री साडेनऊला माणूस उठला तर तो अंथरुणाकडंच जातो. मी फोन पुढच्या खोलीत चार्जिंगला लावून टेपाजवळ बसायला लागलो, हातात पुस्तक. वर्षभरात 11 पुस्तकं वाचली. ह्याआधीच्या पाच वर्षांत मिळून तेवढी झाली नसतील. दहाला झोप, साडेपाचला जाग, आणि कृषी विद्यापीठात चालायला जायलो, तिथली सकाळ ज्यांनी पाहिली त्यांना सांगायची गरज नाही, झाडं, मोर, रानाचा वास.

टीव्हीचं पण असंच होतं की पहिले. माझ्या लहानपणी महाभारत लागायचं रविवारी सकाळी, 1988 ते 90, एकूण 94 भाग, म्हणजे पावणेदोन वर्षं आमच्या गल्लीनं एक गोष्ट बघितली. एक भाग संपला की आठ दिवस. त्या आठ दिवसांत आम्ही पोरं तो भाग खेळायचो, बाया नळावर बोलायच्या, अण्णा कर्णाच्या बाजूनं भांडायचे. आता मी एका रात्रीत आठ भाग बघून टाकतो आणि दोन महिन्यांनी नायकाचं नाव आठवत नाही. माझी सगळ्यात आवडती गोष्ट टीव्हीवरची विचाराल तर सारेगमप लिटिल चॅम्प्स, 2008-09 चं. घरात तेव्हा आम्ही नऊ माणसं, सगळी एका खोलीत. लातूरचा रोहित राऊत होता म्हणून आमच्याकडं तर घरचंच पोरगं असल्यासारखं झालतं, आईनं शेजारच्यांचे मोबाईल मागून मागून मेसेज पाठवायला लावले. 8 फेब्रुवारी 2009 ला आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली तेव्हा आई थोडी रुसली पण गौळणी, अभंग त्या पोरीनं म्हणले की डोळे पुसायची पण तीच. त्या दिवसांत मी पहिल्यांदा गाणं पूर्ण ऐकायला शिकलो, कारण तिथं गाणं मधी तोडता येत नव्हतं.

त्यानंतर माझं गाणं ऐकणंच तुकड्या-तुकड्याचं झालं. आधी मेमरी कार्ड आलं, मोबाईलच्या दुकानात 20 रुपये दिले की 2 जीबी भरून गाणे, काय भरलं ते दुकानदाराच्या मर्जीवर, तेच गाणे एसटीत, तेच गाणे हॉटेलात, सगळ्या तालुक्यात एकच कार्ड फिरायलं असं वाटायचं. मग 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि मग काय, जगातलं सगळं गाणं खिशात. सगळं असल्यावर मी काहीच पूर्ण ऐकेनासा झालो. दहा सेकंद, पुढं. दहा सेकंद, पुढं.

कॅसेटवर पुढं जाता येतं पण ते कष्टाचं आहे, म्हणून आपण जात नाही. आणि न जाता बसलो म्हणून मला अण्णांच्या कॅसेटमधली अशी गाणी आवडायला लागली जी मी मोबाईलवर कधीच ऐकली नसती. भीमसेन जोशींचे अभंग मला पूर्वी लांबड लावल्यासारखे वाटायचे, आता एक बाजू संपते तेव्हा वाटतं इतक्यात कशी संपली. जगजीतच्या गझला मागच्या बाजूला आहेत.

अण्णांच्या रेडिओवरून भरलेल्या गाण्यांची एक गंमत आहे. गाणं कोणतं आहे ते कळल्याशिवाय ते रेकॉर्ड दाबायचे नाहीत, म्हणून प्रत्येक गाण्याची पहिली ओळ नाही. मला ती सगळी गाणी दुसऱ्या ओळीपासून पाठ आहेत. माझी पोरगी नववीला आहे, तिला गाण्यांचे मधले तीस सेकंद माहीत असतात, रीलमधी तेवढेच येतात म्हणून. एका रात्री आम्ही दोघं ते बोलत होतो की तुला मधलं येतं आणि मला सुरुवात येत नाही, तर दोघांनी मिळून एक गाणं पूर्ण म्हणून बघू. त्या गाण्याची पहिली ओळ अण्णांनी म्हणली, खोकत खोकत. ती आता रोज नाही पण आठवड्यातून दोन-तीनदा येऊन बसते, बाजू संपेपर्यंत.

आणि सयानींचा आवाज. तो आहे. साडेतीन मिनिटं, शॉर्टवेव्हच्या खरखरीत, "बहनों और भाइयों". चाचानं टेप दिला त्या दिवशी पहिल्यांदा तीच कॅसेट लावली, अण्णा भिंतीला टेकून बसलेले, आई चपात्या सोडून दारात आली. परत लावा म्हणून कोणी बोललं नाही, आणि मी पण लावली नाही.

आता दुकानाच्या उणिवा पण सांगतो, कारण लोक लांबून जातील. चार दिवसांत देतो म्हणले आणि तेरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. पावती नाही, एका वहीत तुमचं नाव आणि खडूनं टेपाच्या पाठीवर नंबर, बस. ऑनलाईन पैसे नाहीत, रोख न्या. सीडी प्लेयर घेत नाहीत, स्पष्ट सांगतात. मोटर जळलेली असेल तर आशा ठेवू नका, मोटर मिळत नाही म्हणले, दुसऱ्या मेलेल्या टेपातून निघाली तर निघाली. शुक्रवारी दुपारी बंद. आणि एक, स्वतःची कॅसेट सोबत न्या, त्यांच्याकडची चाचणीची कॅसेट घासून घासून संपलेली आहे, तिच्यावर आवाजाचा अंदाज येत नाही.

कॅसेटीसुद्धा बघून देतात. माझ्या दोन कॅसेटीत आतला स्पंजचा तुकडा पडलेला होता, त्यांनी दुसऱ्या कॅसेटचा काढून बसवला, त्याचे दहा-दहा रुपये. बुरशीची भीती आपल्याकडं कमी म्हणले, कोकणातून आलेल्या कॅसेटीवर पांढरं पीठ धरलेलं असतं, आपली कोरडी हवा फितीला चांगली. ज्या कॅसेटवर घरचं काही भरलेलं आहे तिच्या वरच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाका म्हणजे चुकून रेकॉर्ड दाबलं तरी पुसलं जाणार नाही. अण्णांच्या सगळ्या कॅसेटीचे मी त्याच दिवशी मोडले.

बहिणीचा कॉलेजातला वॉकमन जिंतूरला तिच्या घरी पडून आहे, दिवाळीला येताना ती घेऊन येणार आहे. वॉकमनचा बेल्ट फार बारीक असतो आणि डब्यात त्या मापाचा एकच शिल्लक आहे. चाचानं तो कागदात गुंडाळून माझ्या नावानं बाजूला ठेवलाय.