पिअर्सन ट्रायटन (१९६३): एक हिवाळा आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

जुनी फायबरची शिडाची बोट घेणार असाल तर रंग, गाद्या, इंजिन नंतर बघा. आधी फायबरच्या थरांमध्ये काय भरलंय ते शोधा.

माझी ट्रायटन ही पिअर्सन कंपनीची अशीच जुनी बोट. कार्ल आल्बर्गचं हे डिझाइन १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये आलं आणि १९६७ पर्यंत ७०० च्या आसपास ट्रायटन बांधल्या गेल्या. लांबी साधारण २८ फूट, वजन तीन टनांहून थोडं जास्त, त्यात १,३७० किलोच्या आसपास नुसतं वजनासाठी भरलेलं शिसं. अमेरिकेत ऱ्होड आयलंडच्या नॅरागॅन्सेट उपसागरात दुपारी नैऋत्येचा वारा चढला की ती चटकन कलते आणि मग तिथेच ठाम राहते. चालवायला मला ती फार आवडते.

पण सगळ्या ट्रायटन एकसारख्या नाहीत. ऱ्होड आयलंडला ब्रिस्टलमध्ये बांधलेल्यांच्या डेकमध्ये, म्हणजे वरच्या तक्तपोशीत, वर-खाली फायबर आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा आहे. कॅलिफोर्नियात सॉसलिटोला बांधलेल्यांचं डेक भरीव फायबरचं. सुरुवातीच्या बोटींचं शिसं बाहेरून बोल्टांनी जोडलेलं, नंतरच्यांचं कीलच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या, पोटात बंद. बोट कुणी, कधी बांधली हे सांगणारा बारा अक्षरी क्रमांक अमेरिकेत १९७२ च्या नोव्हेंबरपासून सक्तीचा झाला, म्हणजे ट्रायटनच्या मागच्या बाजूला तो शोधून उपयोग नाही. बोटीलाच विचारावं लागतं.

माझी ब्रिस्टलची. प्लास्टिकच्या छोट्या हातोडीने डेक वीत-वीत अंतरावर ठोकत गेलो. चांगल्या जागी आवाज कोरडा, खणखणीत येतो. गाभा कुजला असेल तिथे तो बसका होतो. ओलावा मोजणारं मीटरही घेतलं, पण खाली धातूची पट्टी असली तरी त्याचा आकडा चढतो, म्हणून हातोडी आणि मीटर दोघांचं एकमत होईल तीच जागा संशयित धरायची. खरा पुरावा भोकातच मिळतो. दोर बांधायचा एक खुंटा काढून भोकाची कड टॉर्चने पाहिली. फिकट, कोरडा बाल्सा असेल तर सुटकेचा श्वास घ्यावा. माझ्याकडे एका बाजूला तपकिरी लगदा निघाला. आधीच्या कुणीतरी कड बंद न करताच स्क्रू पिळले होते. उभ्या रेषांचा बाल्सा पाणी आडवं सावकाश पसरू देतो, त्यामुळे नुकसान हातभरच होतं. तेवढा भाग कापून नवा गाभा आणि इपॉक्सी (वाळून कडक होणारी राळ) भरलं. आता प्रत्येक भोक आधी मोठं करतो, घट्ट इपॉक्सीने बुजवतो, मगच त्यात नवं भोक पाडतो.

एवढ्यावरून गाभ्याला नावं ठेवणं मला पटत नाही. गोव्यात बांधलेल्या, २००९ साली नौदलात आलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीच्या अंगातही लाकडी गाभ्यावर फायबरच आहे, आणि ती पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. दोष उघड्या कडेचा असतो.

हलची, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाची, काळजी मला वाटत नाही. खोली मोजणाऱ्या यंत्रासाठी तळाला भोक पाडलं तेव्हा निघालेली चकती जपून ठेवली आहे: मॅट (न विणलेल्या तंतूंची चादर) आणि विणलेलं कापड यांचे थर एकाआड एक, मधे कुठे पोकळी नाही. तुम्हीही अशी चकती फेकू नका.

डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार खालची लाकडी तुळई पेलते. बोट बघायला जाल तेव्हा डोलकाठीचे ताणदोर घट्ट असताना तुळईखालचं आतलं दार लावून बघा. ते वर अडकत असेल, तर तुळई खचली आहे का हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.