सिमलेक्स-९९९: शब्दार्थाचं साम्य मोजणारी फुकट पट्टी

शब्दांचे वेक्टर, म्हणजे संगणकासाठी शब्दाचा अर्थ मांडणाऱ्या आकड्यांच्या याद्या, बनवणारा किंवा तपासणारा माणूस कधी ना कधी सिमलेक्स-९९९ या फाइलपाशी येतोच. फेलिक्स हिल आणि सहकाऱ्यांनी ९९९ इंग्रजी शब्दजोड्या निवडल्या, अर्थाने त्या किती सारख्या आहेत याचे गुण ५०० इंग्रजी भाषकांकडून घेतले आणि २०१५ साली त्यावरचा निबंध छापला. ६६६ जोड्या नामांच्या, २२२ क्रियापदांच्या, १११ विशेषणांच्या. पैसे पडत नाहीत. झिप उघडली की टॅबने तोडलेली साधी टेक्स्ट फाइल मिळते, एक्सेलमध्येही उघडते.

या मालाची खरी किंमत गुण देणाऱ्यांना दिलेल्या सूचनेत आहे. कप आणि मग हे समानार्थी. सुसर आणि मगर समानार्थी नाहीत, तरी खूप सारख्या. कार आणि टायर यांचा संबंध दाट, पण साम्य नाही. एवढं आधी समजावून मगच गुण मागितले. याआधी सर्रास वापरली जाणारी वर्डसिम-३५३ ही शब्दजोड्यांची यादी इथेच गडबडते. तिथे प्रत्येक जोडीला १३ ते १६ जणांनी गुण दिले, संबंध आणि साम्य यांची सरमिसळ राहिली, वर विरुद्धार्थी शब्द ‘सारखे’ धरा असंच सांगितलं होतं. परिणाम आकड्यांत दिसतो. कोस्ट–शोअर (दोन्ही किनारेच) या जोडीला वर्डसिममध्ये ९.१० आणि सिमलेक्समध्ये ९.००; इथवर एकमत. क्लोद्स–क्लॉझेट, म्हणजे कपडे आणि कपाट, यांना मात्र वर्डसिम ८.०० देते, सिमलेक्स १.९६. शिवाय वर्डसिममध्ये टायगर–टायगर अशीही जोडी आहे (गुण अर्थातच १०) आणि मनी–कॅश दोनदा आलीय, एकदा ९.१५ आणि एकदा ९.०८. २००९ साली तिचे साम्य आणि संबंध असे दोन भाग पाडले गेले. वर्डसिम वापरायचीच असेल तर ते भाग घ्या, अख्खी यादी नको.

आता सिमलेक्सची फाइल. पहिल्या दोन स्तंभांत शब्द, मग शब्दजात, मग ० ते १० मधला गुण. मूळ गुण ० ते ६ च्या सरकपट्टीवर घेतले आणि नंतर १० वर ताणले, म्हणून स्वतःची माणसं बसवून तुलना करायची तर ६ ची पट्टी ठेवून १०/६ ने गुणा. पुढचे स्तंभ लोक वाचतच नाहीत, आणि खरा मसाला तिथे आहे. दोन्ही शब्द किती मूर्त आहेत याचे आकडे, जोडी मूर्ततेनुसार पाडलेल्या चार गटांपैकी कितव्या गटात येते तो क्रमांक, आणि साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या साहचर्य नोंदींतला आकडा, म्हणजे एक शब्द दिल्यावर दुसरा किती लोकांच्या तोंडी पटकन येतो. पहिलीच ओळ पाहा: ओल्ड–न्यू. साहचर्य ७.२५, साम्य १.५८. जुनं म्हटलं की नवं आठवतंच, पण अर्थ उलटा. वेक्टर बहुतेकदा याच ओळीवर आपटतात, कारण हे दोन शब्द सारख्याच वाक्यांत, सारख्याच जागी येतात आणि कोसाइन (दोन वेक्टर किती एका दिशेचे हे सांगणारा आकडा) वर जाते. ‘सिमअसॉक३३३’ या स्तंभात १ असलेल्या ३३३ जोड्या म्हणजे सर्वाधिक साहचर्याच्या. त्यांच्यावरचा निकाल वेगळा छापा. एकूण आकडा बरा आणि इथे घसरगुंडी, तर मॉडेल साम्य नव्हे, शेजार मोजतंय.

शेवटचा स्तंभ प्रमाण विचलनाचा, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचा, आणि तो मात्र जपून वापरायचा. हॅपी–चीअरफुलच्या ओळीत सरासरी ९.५५ आणि विचलन २.१८ दिलंय. ० ते १० च्या पट्टीवर सरासरी ९.५५ असेल, तर अगदी सगळ्यांनी टोकाचे ० किंवा १० दिले तरी विचलन २.१ च्या आसपास थांबतं. तेव्हा हे दोन आकडे एकाच टप्प्यावरच्या गुणांवरून काढलेले नसणार. वादग्रस्त जोड्या हुडकायला स्तंभ ठीक. त्यावरून भारांक काढून मॉडेल शिकवायला नको.

चाचणी चालवणं दहा मिनिटांचं काम. दोन्ही शब्दांचे वेक्टर घ्या, कोसाइन काढा, ९९९ आकड्यांची माणसांच्या गुणांशी स्पिअरमन क्रमसंबंधाने (दोन याद्यांचा क्रम किती जुळतो; पूर्ण जुळला तर १) तुलना करा. सरळ रेषेतला संबंध मोजणारा पिअरसन नको: कोसाइनची पट्टी आणि माणसाची पट्टी एका रेषेत नसतात, आपल्याला क्रम जुळतो का एवढंच पाहायचंय. न सापडलेल्या शब्दांचं काय केलं ते लिहाच. कोणी अशा जोड्या गाळतं, कोणी शून्य देतं, आणि त्याच मॉडेलचा आकडा बदलतो. फास्टटेक्स्ट या तयार वेक्टरसंचाची .vec फाइल घेतली तर यादीबाहेरचा शब्द मिळत नाही; .bin घेतली तर अक्षरतुकड्यांवरून वेक्टर तयार होतो. कोणती घेतली हे न सांगता दोन निकाल शेजारी मांडणं ही नेहमीची चूक.

आकडा वाचतानाही फसगत होते. मूळ निबंधात स्किप-ग्रॅम या वेक्टर बनवण्याच्या पद्धतीला ०.४१४ मिळाले. कोणत्याही दोन माणसांच्या गुणांतला सरासरी क्रमसंबंध ०.६७, म्हणून ०.६७ ओलांडलं की ‘माणसाला हरवलं’ असं लिहायची हौस अनेकांना असते. योग्य तुलना एका माणसाची उरलेल्यांच्या सरासरीशी, ती ०.७८ आहे. आणि पॅराग्राम-एसएल९९९ सारखे वेक्टर तर याच यादीवर बेतून घेतलेले, नावातच आहे. त्यांचा आकडा इतरांच्या पंक्तीला बसवू नका. स्वतःचं मॉडेल शिकवताना आजूबाजूच्या शब्दांची खिडकी लहान ठेवली, दोन-दोन शब्दांची, तर सिमलेक्सचा आकडा चढतो. मोठी ठेवली तर संबंधाच्या याद्यांवर चढतो. कोणती खिडकी ‘चांगली’ हे कामावर ठरतं.

मोठी उणीव एकच: शब्द वाक्याशिवाय येतात. हार्ड–डिफिकल्टला ८.७७ आहेत, म्हणजे गुण देणाऱ्याने ‘कठीण’ हा अर्थ धरला, ‘टणक’ नव्हे. शेजारचा शब्द अर्थ निवडून देतो. बर्टसारख्या संदर्भावर चालणाऱ्या मॉडेलला सुटा शब्द खिलवून इथे तपासणं त्यामुळे अन्यायाचं; त्यांच्यासाठी २०१९ ची ‘वर्ड-इन-कॉन्टेक्स्ट’ यादी बरी, जिथे दोन वाक्यांत एकच शब्द त्याच अर्थाने आलाय का एवढंच विचारतात.

मराठीसाठी? २०२० च्या मल्टी-सिमलेक्समध्ये १,८८८ जोड्या आणि १२ भाषा आहेत, स्वाहिली आणि वेल्शसुद्धा, मराठी नाही. हैदराबादच्या आयआयआयटीने २०१७ साली सहा भारतीय भाषांत मराठीही घेतली, पण जोड्या वर्डसिम आणि १९६५ च्या आरजी-६५ या अशाच इंग्रजी यादीतून भाषांतरित. म्हणजे जुन्या यादीचा दोष सोबत आला. सिमलेक्सचं भाषांतर केलं तरी अडचण सुटत नाही: स्मार्ट–इंटेलिजंट ही ९.२ ची जोडी मराठीत हुशार–हुशार होऊन बसते, आणि शाळा–विद्यालय, पाणी–जल, आगगाडी–रेल्वे हे आपले नेहमीचे प्रश्न यादीत येतच नाहीत.

तेव्हा यादी नव्हे, कृती उचला. जोड्या मराठीतूनच निवडा, तिसरा हिस्सा दाट साहचर्याचा ठेवा (सुई–दोरा, ताट–वाटी), विरुद्धार्थी मुद्दाम घाला. सूचनेत ‘अर्थ सारखा का ते सांगा, शब्द बोलीतला की पुस्तकी हे विसरा’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर पाणी–जल ला कोणी १० देईल, कोणी ६. एका बैठकीत शंभराच्या वर जोड्या नकोत. जोड्या छोट्या गटांत दाखवा आणि आधीच्या गटातली एक पुढच्या गटात पुन्हा द्या, म्हणजे पट्टी हलत नाही; सिमलेक्सने हेच केलं. मध्येच तीन जोड्यांतली सर्वांत सारखी कोणती असा सोपा प्रश्न टाका, त्यात चुकणाऱ्याचे गुण बाजूला काढा. पान, माळ, कर असे अनेकार्थी शब्द ठेवायचे असतील तर प्रत्येकी दोन जोड्यांत ठेवा: पान–पर्ण आणि पान–पृष्ठ.

वेक्टरशी जुळवताना मूळ रूपच वापरा. ‘शाळेत’, ‘शाळेला’ यांचे वेक्टर वेगळे पडतात. आणि युनिकोड तपासा. ‘तऱ्हा’ मधला ऱ एकसंध अक्षर म्हणून, र अधिक नुक्ता म्हणून, किंवा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह म्हणून टंकलेला सापडतो. पहिले दोन एनएफसीने (युनिकोडच्या ठरलेल्या प्रमाणीकरणाने) एक होतात. तिसरा होत नाही, तो हाताने बदलावा लागतो.