ओमाफीट्स: युट्रेक्टमध्ये काही महिने चालवल्यावर

ओमाफीट्स म्हणजे नेदरलँड्समधली जुन्या धाटणीची साधी सायकल. उन्हाळा आणि अख्खा हिवाळा चालवून झाली, सेकंडहँड घेतलेली, आता लिहायला हरकत नाही. गियर एकच. हँडब्रेक नाही, पायडल उलटं दाबलं की मागचं चाक थांबतं. वजन 20 किलोच्या आसपास, जिन्यावरून वर न्यायची असेल तर विचारूच नका. पण इथे हीच बरोबर वाटते, कारण चढच नाही, देशाची साधारण पाव जमीन तर समुद्रसपाटीच्याही खाली. मग हलकी फ्रेम आणि एकवीस गियर कशाला? त्याऐवजी चेन पूर्ण झाकलेली, मडगार्ड, दणकट कॅरियर, चाकाचं कुलूप फ्रेमलाच. ताठ बसून आरामात जायचं, घाम नाही, ऑफिसात कपडे बदलायची भानगड नाही.

आता वारा. सपाट म्हणजे वाऱ्यालाही अडवायला काही नाही. शहराबाहेर कालव्याच्या कडेने समोरून सुटला की एका गियरवर घाटच चढतोय असं होतं, आणि घाटाला निदान नंतर उतार तरी असतो. इथली माणसं याचीही स्पर्धा भरवतात, ऊस्टरस्खेल्डेच्या बंधाऱ्यावर 8.5 किमी, वादळी वारा येणार असं दिसलं की मगच तारीख ठरते, सायकल अशीच एक गियरवाली!

बाकी सपाट आहे म्हणून सगळे सायकलवर, हे मला अर्धंच पटतं. 1950-60 च्या काळात गाड्या वाढल्या तेव्हा इथेही सायकली कमी झाल्याच होत्या, जमीन तेव्हाही सपाटच होती ना. 1971 मध्ये रस्त्यांवरच्या अपघातांत 3 हजारांहून जास्त माणसं गेली, त्यात 400 वर लहान मुलं, मग आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 ला तेलाची टंचाई आली आणि हळूहळू पैसा सायकल ट्रॅककडे वळला. आमच्या स्टेशनखाली आज 12,500 सायकलींचं पार्किंग आहे, पहिले 24 तास फुकट.

त्रास दोन. सिग्नलला थांबल्यावर पायडल मागे फिरवून वर आणता येत नाही, त्यामुळे थांबतानाच पाय नीट ठेवायची सवय लावावी लागते. आणि मागचं चाक पंक्चर झालं तर चेनकव्हर खोलण्यात संध्याकाळ जाते, सरळ दुकानात द्या.

देशाच्या दक्षिणेला, लिम्बुर्ग प्रांतात राहणार असाल तर मात्र ही घेऊ नका, तिकडे फाल्सरबर्गची टेकडी 322 मीटर आहे आणि काउबर्गचा चढ एका गियरवर नाही निघत, गियरवालीच बघा.